मल्हारीचा श्वास

२० जून १९७८, मंगळवार

आज वॉर्डात शिकवायचं पहिलं क्लिनिक घेतलं आणि सपशेल फसलं.

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं. मुंबईला सरांच्या मागे वॉर्डातून फिरताना मला वाटायचं, मज्जासंस्था शिकवणं यासारखं सुंदर काम नाही. इथे पहिल्याच तासाला एकाने तोंडावर सांगितलं, "मॅडम, न्यूरो आम्ही ऑप्शनला टाकतो." सर्जेराव त्याचं नाव. देवगाव रंगारीचा, घरी मोठी शेती, बोलणं रोखठोक. बाकीचे हसले. मी हसले नाही. हसायला हवं होतं.

हातोडी धरताही येत नाही कुणाला. सरपण फोडल्यासारखी मारतात. गुडघ्याचा झटका दाखवायला एकाला पुढे बोलावलं तर पेशंटच कळवळला. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका शांत मुलाला, यशवंत हिवराळेला, पुढे ये म्हटलं. तो आला तसे सगळे चटकन बाजूला सरकले, त्याला ऐसपैस जागा दिली. चला, एवढी तरी शिस्त आहे.

आईला लिहिलंय की वर्ष काढते आणि बदलीचा अर्ज करते.

११ जुलै, मंगळवार

आज जरा बरं गेलं. सोयगावकडचे एक म्हातारबाबा, पाय बधिर. मुलं पुस्तकातले प्रश्न मराठी करून विचारत होती, "बाबा, तुमच्या संवेदना क्षीण झाल्यात का?" बाबा नुसते बघत राहिले. मी म्हटलं, असं विचारायचं नाही. चालताना पायातून चप्पल निसटते का, ते विचारा. निसटते आणि कळतं, तर स्नायू दुबळे. निसटते आणि कळतच नाही, तर संवेदना गेली.

हिवराळे खाली वाकला. "बाबा, वहाण निसटली की तवाच उमगतं, का मागून कुणी हाक मारल्यावर?"

"हाक मारल्यावर," बाबा म्हणाले. "परवा तर अर्ध्या वाटंतून परत गेलो हुडकायला."

सर्जेरावने शिट्टीच मारली. वॉर्डात शिट्टी मारत नाहीत असं त्याला सांगितलं. पण खरं म्हणजे मलाही मारावीशी वाटली होती.

१८ जुलै, मंगळवार

क्लिनिक चालू असतानाच चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या टेम्पोतून एक मुलगा आला. मल्हारी, वीस-बावीस वर्षांचा. दौलताबादजवळच्या वस्तीवरचं धनगराचं घर. मेंढरं थोरल्या भावाकडे सोडून याने यंदाच मशीनवर नोकरी धरली. परवा उठताना पाय लटपटले, काल जिना चढवेना, आज उभं राहवत नाही. मधे पंधरवड्यापूर्वी हगवण होऊन गेलेली.

मुलांना तपासू दिलं. गुडघ्याचा झटका येईना, घोट्याचा येईना, कोपराचाही येईना. त्यांना वाटलं, आपलीच हातोडी चुकतेय. पुन्हा पुन्हा मारत राहिले.

"तुमचं चुकत नाहीये," मी म्हटलं. "झटका खरंच गेलाय."

गियाँ-बारे नावाचा आजार. मेंदू शाबूत, मणका शाबूत. तिथून हातापायांकडे जाणाऱ्या नसांवरचं वेष्टण शरीर स्वतःच कुरतडतं. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पण दुबळेपणा पायांतून वर चढत जातो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला की माणूस जातो.

"मग औषध काय, मॅडम?" सर्जेराव.

"वेळ. तोवर जिवंत ठेवायचं."

मल्हारीची आई, बानाबाई, पदर तोंडाला लावून ऐकत होती. "कोकरू असं पायांतून गेलं की आमी उचलून फिरवतो, तोंडापाशी चारा धरतो. काही उठत्यात. हे बी तसंच का, बाई?"

तसंच, म्हटलं.

२१ जुलै, शुक्रवार

मल्हारीला एका श्वासात आकडे म्हणायला लावते. आला त्या दिवशी पंचविसाच्या पुढे गेला होता. आज सकाळी बाराला अडकला, संध्याकाळी सातला. खांदेही आता उचलत नाहीत, चेहरा सैल पडलाय.

कृत्रिम श्वासाचं मशीन एकच, आणि ते धनुर्वाताच्या एका मुलीला लावलेलं आहे. ते काढणं म्हणजे तिला मारणं. मुंबईला सरांना ट्रंककॉल लावला. पाठवू नकोस, म्हणाले, वाटेत टिकणार नाही.

२२ जुलै, शनिवार

पहाटे गळ्याला भोक पाडून नळी बसवली. नळीला रबरी फुगा. फुगा दाबला की छाती वर येते, सोडला की खाली. कुणीतरी सतत दाबत राहायचं. मुलांना बोलावून सांगितलं: हे किती दिवस चालेल मला माहीत नाही. कदाचित तीन आठवडे, कदाचित जास्त. सक्ती नाही.

 मग हिवराळे म्हणाला, "दाबायचं कसं ते एकदा नीट दाखवा."

एक जण दाबतोय तोवर पुढचा शेजारी येऊन बसायचा, आणि त्याचा हात फुग्यावर आल्यावरच पहिल्याने उठायचं, एवढा एकच नियम केला.

२५ जुलै, मंगळवार

क्लिनिक मल्हारीच्या खाटेपाशीच घेतलं. मुलांच्या तळहातांना फोड आलेत. एकमेकांना दाखवतात, जरा मिरवतातही.

आज सर्जेराव फुगा दाबता दाबता शेजारच्याला म्हणाला, "हा काय वाचत नाय, बघ." मल्हारीच्या डोळ्यांतून पाणी घळघळलं. चेहऱ्याचा एक स्नायू हलत नाही, नुसतं पाणी. सर्जेराव पांढराफटक पडला.

मी म्हटलं, "त्याच्या मेंदूला काहीही झालेलं नाही. तो सगळं ऐकतो. तुम्ही इथे बसून जे बोलता ते सगळं."

डोळे मात्र हलतात. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही, असं ठरवलं. सर्जेराव बराच वेळ खाटेच्या कडेला वाकून त्याच्याशी काहीतरी बोलत होता. शेवटी विचारलं, "माफ केलं का?" मल्हारीने खाली बघितलं. थोड्या वेळाने वर. मला वाटतं, तो थट्टा करत होता. इतकं मेल्यासारखं पडून थट्टा!

हिवराळेने बानाबाईला चहा आणून दिला. तिने त्याचं गाव विचारलं, आडनाव विचारलं. चहा गार होऊन तसाच राहिला. चहा आवडत नसावा.

२८ जुलै, शुक्रवार

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव काल विधिमंडळात झाला. त्याच्या विरोधात आज सगळं बंद. एसट्या बंद, दुकानं बंद, लांबून घोषणा ऐकू येतात. मी मुलांना स्पष्ट सांगितलं की राजकारण वॉर्डाच्या दाराबाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या.

हिवराळेचं कौतुक वाटतं. पाळी नसतानाही वॉर्डातच असतो. आज बघते तर त्याने आपली ट्रंकसुद्धा शिकवण्याच्या खोलीत आणून ठेवली आहे. जाण्यायेण्यातला वेळ वाचतो, म्हणाला. याला म्हणतात निष्ठा. बाकीच्यांना त्याचं उदाहरण दिलं. कुणी माझ्याकडे बघेना.

३१ जुलै, सोमवार

निम्मी मुलं गावी पळाली. मुलींना त्यांचे वडील घेऊन गेले. राहिलेल्यांतही दोन तट, एक गट दुसऱ्याच्या हातून फुगा घ्यायला येत नाही. काल दुपारी माझ्या नियमामुळे एकाला तासन्‌तास उठताच आलं नाही, कारण पुढचा आलाच नाही. तो रडायला लागला, पण दाबत राहिला.

वॉर्डाच्या मुक्ता सिस्टरांजवळ वैतागून म्हटलं, "सगळी हिवराळेसारखी का नाहीत?"

त्या चादर घालत होत्या. घालता घालता म्हणाल्या, "बाई, त्याला हॉस्टेलात राहू कोण देतंय? शुक्रवारी सामान बाहेर फेकलं त्याचं. ट्रंक सर्जेरावानं उचलून आणली मागच्या दारानं. तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. सगळ्यांसमोर त्याचं उदाहरण देत होते मी.

२ ऑगस्ट, बुधवार

सकाळी हिवराळे खाटेपाशी येऊन उभा राहिला, पायांत चपला. सर्जरीच्या वॉर्डात त्याच्या गावचा एक माणूस भाजून आलाय. वस्ती जाळली. आईवडिलांचं त्याला काही ठाऊक नाही.

"मॅडम, मला जायला पाहिजे."

मी काय बोलले ते इथे तरी खरं लिहिते. मी म्हटलं, "आत्ता तू गेलास तर याचं कसं होणार?" फुगा दाबणारे आम्ही मोजके उरलोय, हे खरंच होतं. तो चपला काढायला वाकलासुद्धा. मग थांबला, आणि माझ्याकडे न बघता मल्हारीच्या तोंडावर वाकला.

"मल्हारी, माझी माय कुठं हाय ते ठाऊक नाय. मी जाऊ का?"

मल्हारीने वर बघितलं. डोळे वरच ठेवले, बराच वेळ, आपण खाली आणले तर कुणाला चुकून 'नाही' वाटेल म्हणून असावं.

पण जायचं कशाने? गाव कन्नडच्याही पुढे. एसटी नाही. आणि वाटेत कुणी अडवून नाव विचारलं तर? तो जिन्यावर जाऊन बसून राहिला.

दुपारी सर्जेराव फुग्यावर असताना त्याचे वडील काकासाहेब जीप घेऊन आले. धोतर, टोपी, भारदस्त आवाज. सगळा वॉर्ड ऐकत होता.

"चल. तुझी आई जेवत नाय. गाव तापलंय, शहर तापलंय, तू इथं काय करायलास?"

"आबा, मला उठता येत नाय."

"दुसऱ्या कुणाला दे ते."

"दुसरं हाय कोण?"

मी तेव्हा धनुर्वाताच्या मुलीपाशी होते. वळून बघते तर सर्जेरावने वडिलांचा हात धरून फुग्यावर ठेवलेला! "असं दाबा. छाती उचलली पाहिजे. आता सोडा. परत."

"अरे, मला कशाला..."

"थांबू नका आबा, थांबलात तर हा जाईल. मी आलोच." आणि तो चक्क निघून गेला.

मुलीची सुई अर्धवट सोडून मला हलता येईना. मी तिथूनच ओरडले. मोकळी होऊन पोचले तेव्हा काकासाहेब घामाने निथळत होते, टोपी कपाळावर घसरलेली, सावरायला हात मोकळा नाही. "बाई, बरोबर चाललंय का? ह्याचे डोळे माझंच तोंड बघायलेत."

"तो शुद्धीत आहे. सगळं ऐकतोय."

"व्हय?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कुणाचा रे तू, बाळा?"

बानाबाईने पलीकडून सांगितलं. दोघांच्या बोलण्यात कुठल्याशा बाजाराची ओळख निघाली. मी फुगा हातात घेतला तरी ते लगेच बाजूला झाले नाहीत.

सर्जेराव हिवराळेला घेऊन परत आला. "आबा, मी येत नाय. पण जीप रिकामी नेऊ नका. ह्याला ह्याच्या गावात सोडा. आपल्याच वाटंवर पुढं हाय."

काकासाहेबांनी हिवराळेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. न विचारताच सगळं कळलं असावं. "ह्या दिवसांत? माझ्या जीपमधी? लोक काय..." एवढं बोलून थांबले. मल्हारीकडे बघितलं, तळहात धोतराला पुसले. "आडवलं कुणी तर?"

"तुमची जीप कोण आडवतंय."

 मग ते वळले. "चल रे. पुढं बस माझ्याजवळ. मागं बसलास तर उगं चार माणसं विचारतील."

गेले. मी अजून रागात आहे. न धुतलेले हात, न शिकवलेला माणूस आणि गळ्यात उघडी नळी! सर्जेरावला उद्या सगळ्यांसमोर झापणार आहे.

३ ऑगस्ट

झापलं नाही.

५ ऑगस्ट, शनिवार

फुग्यावर आता मी, सर्जेराव, मुक्ता सिस्टर, दोन इंटर्न. आणि बानाबाई. तिला मीच शिकवलं. लय तिला लगेच सापडली. दाबताना मल्हारीला मेंढरांची नावं घेऊन घरच्या गोष्टी सांगते. "तुझी भुरी व्याली. दोन झाली." तो वर बघतो.

छातीत कफ भरलाय, ताप आहे. सर्जेराव आज विचारत होता, दुबळेपणा खालून वर चढला, मग उतरताना वरून खाली उतरेल का? आधी खांदे, मग हात, पाय शेवटी? बहुधा तसंच, म्हटलं. मग तो दर पाळीला मल्हारीला खांदे उचलायला सांगतो. काही हलत नाही. भीती वाटते की माझंच चुकलं. मी उगाच इतक्या जणांचे हात झिजवतेय का?

९ ऑगस्ट, बुधवार

हिवराळे परत आला. कांद्याच्या ट्रकमधून. अंगावर गेला त्या दिवशीचाच सदरा.

आईवडील जिवंत आहेत. घर नाही. गावातल्या भागूबाई नावाच्या एका म्हातारीने दोघांना आपल्या गोठ्यात, कडब्यामागे लपवलं होतं. आता वस्तीची सगळी माणसं शाळेत राहतात. त्याची पुस्तकंही गेली.

"मग आलास कशाला?" मी विचारलं. विचारायची पद्धत चुकलीच.

"वडील म्हणाले, परीक्षा दे. इथं बसून घर उभं राहत नाय."

काकासाहेब वाटेत काही बोलले का, असं सर्जेरावने विचारलं. "एकदाच," हिवराळे म्हणाला. "ते पोरगं वाचंल का, म्हणाले."

तो हात धुऊन फुग्यावर बसला. पाळी संपल्यावर बानाबाईने त्याला खाली बसवलं, फडकं सोडलं, भाकरी आणि ठेचा आपल्याच ताटलीत वाढला. तो बराच वेळ ताटलीकडे बघत राहिला. "खा की," ती म्हणाली. "कधीचा उपाशी हाईस." उरलेलं त्याच ताटलीत तिने खाल्लं. मी पलीकडे बसून फुगा दाबत होते. 

१९ ऑगस्ट, शनिवार

ताप उतरला. आणि आज सर्जेराव धावत माझ्या खोलीत आला. "मॅडम, खांदा!"

गेले. मल्हारीने उजवा खांदा उचलला. बोटभर उचलला असेल. पुन्हा उचल म्हटलं, पुन्हा उचलला. हिवराळेने क्षणभर फुगा सोडून बघू का विचारलं. मी हो म्हटलं. छाती आपली आपण हलली. उथळ, ओढल्यासारखी, पण हलली. मग लगेच पुन्हा फुगा.

बानाबाईने सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. माझ्याही.

५ सप्टेंबर, मंगळवार

फुगा दिवसा बंद. मुलं परत आली आहेत. क्लिनिकला आता खाटेभोवती गर्दी होते. न्यूरो ऑप्शनला टाकायचं कुणी बोलत नाही. पण सगळं नीट झालंय असं नाही. दोन तट अजून आहेत, मेसमध्ये वेगवेगळे बसतात. हिवराळेच्या खोलीसाठी वॉर्डनना तीनदा भेटले. बघू, बघू. आज चौथ्यांदा गेले नाही. ट्रंकेची एक कडी मी धरली, एक सर्जेरावने, आणि सरळ हॉस्टेलात नेऊन ठेवली. वॉर्डननी अडवलं नाही. मला हे जुलैतच करायला हवं होतं.

त्या गडबडीत बदलीच्या अर्जाची तारीख गेली. राहूनच गेलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

नळी काढली. आवाज घोगरा, पण आहे. मल्हारी भरभरून बोलतो. अडून राहिलेलं सगळं एकदम बाहेर यावं तसं. सर्जेराव फुगा दाबताना गाणी म्हणायचा म्हणे. "लई वाईट गळा, बाई. पण कान झाकायची सोय नव्हती."

१२ डिसेंबर, मंगळवार

गडबडीत लांबलेली प्रात्यक्षिक परीक्षा आज झाली. बाहेरून आलेले परीक्षक कडक, पांढऱ्या मिशा. मी केसेस लावायला होते. तपासायला म्हणून मल्हारीलाही बोलावलं होतं. काठी घेऊन चालत आला. गुडघ्याचे झटके अजून नाहीत, ते सगळ्यांत शेवटी परततात. जानेवारीत कारखान्यात परत घ्यायचं म्हणतात, बसून करायच्या कामावर.

हिवराळेला लकव्याचा एक म्हातारा पेशंट आला होता. त्याने छान तपासला. मग परीक्षकांनी तोंडी प्रश्न काढला, "समजा, गियाँ-बारेचा रुग्ण आहे, श्वास जातोय. तुमच्याकडे मशीन नाही. काय कराल?"

"गळ्याला नळी बसवीन सर, आणि हाताने श्वास देत राहीन."

"आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवाल."

"नाही सर. रस्ते बंद असू शकतात."

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "असं आठवडेच्या आठवडे चालू शकतं. एकटे किती दाबाल?"

"एकट्याने होत नाही. माणसं बोलावीन."

"आणि नाही आली तर?"

  "काही येत नाहीत, सर," हिवराळे म्हणाला. "काही येतात."

पुढच्या खाटेवरून घोगरा आवाज आला. "व्हय सायेब. येत्यात."

मी मल्हारीला डोळ्यांनी दटावलं. परीक्षेत पेशंटने बोलायचं नसतं. परीक्षक वळले. "याला काय झालं होतं?"

"तुम्ही आत्ता विचारलंत तेच," मी म्हटलं.

ते उठले, मल्हारीच्या खाटेपाशी गेले. हातोडी काढली, गुडघ्यावर मारली, मग घोट्यावर. काहीच हललं नाही. गळ्यावरच्या व्रणाला बोट लावून बघितलं. म्हणाले, "चालून दाखव."

मल्हारीने काठी सर्जेरावकडे दिली. तो तिथेच आपल्या नंबराची वाट बघत उभा होता. मग मल्हारी दारापर्यंत गेला, जरा फेंगडा, पाय उचलून टाकत, आणि वळून स्वतःच परत आला.